थ्री-नॉट-थ्री म्हणजे नेमकी कोणती? जुन्या ब्रिटिश बोल्ट रायफली ओळखायच्या कशा

‘थ्री-नॉट-थ्री’ हे काडतुसाचं नाव आहे, रायफलीचं नाही. .३०३ इंची काडतूस झाडणाऱ्या ब्रिटिश लष्करी बोल्ट रायफली (‘बोल्ट’ नावाचा पोलादी दांडका हाताने मागे-पुढे करून काडतूस चेंबरात, म्हणजे नळीच्या मागच्या टोकात, ढकलायच्या रायफली) १८८८ पासून पुढची साठेक वर्षं बनत राहिल्या आणि त्यांचे डझनाहून अधिक प्रकार झाले. संग्रहालयाच्या कपाटात किंवा लिलावाच्या यादीत मात्र सगळ्यांवर एकच चिठ्ठी लागते: ‘ली-एनफिल्ड, .३०३’. प्रकार ठरवायचा तर थोडं खोलात जावं लागतं.

यातली सगळ्यात मोठी चूक म्हणजे ठसा आधी वाचणं. या रायफली पन्नास-पन्नास वर्षं सेवेत होत्या. त्यांची नळी बदलली, लाकूड बदललं, बोल्ट बदलला, नेम धरायची मागची साईट दुसऱ्याच कारखान्याची आली. ठसा रायफल पहिल्यांदा काय होती ते सांगतो, आज ती काय आहे हे सांगेलच असं नाही. म्हणून आधी लोखंड बघा आणि ठसा सगळ्यात शेवटी वाचा. बाकी सगळे भाग पाहुणे असतात. घरचा भाग एकच, तो म्हणजे बॉडी, ज्यात बोल्ट सरकतो आणि जिच्या पुढच्या टोकाला नळी आटे घालून बसवलेली असते. बॉडी ओळखली की रायफल ओळखली.

हात लावण्याआधी

रायफल रिकामी आहे हे तपासताना नुसता बोल्ट मागे ओढून समाधान मानू नका. जुन्या ली रायफलींना मॅगझिनच्या (काडतुसांच्या पेटीच्या) तोंडावर सरकणारी एक पोलादी पट्टी असते, तिला कट-ऑफ म्हणतात. ती आत ढकललेली असेल तर खालची भरलेली काडतुसं झाकली जातात. बोल्ट उघडून पाहणाऱ्याला रिकामी वाटते आणि पट्टी बाहेर ओढली की पुढच्याच झटक्याला काडतूस चेंबरात चढतं. त्यामुळे आधी मॅगझिन काढा (खटका चापाच्या पुढे, कमानीच्या आत असतो), मग बोल्ट मागे घ्या आणि चेंबरात डोळ्याने पाहून करंगळी घालून खात्री करा. पॅटर्न १४ ला सुटं होणारं मॅगझिन नसतं. तिथे वरून पाहिल्यावर तळाची, काडतुसं वर ढकलणारी पट्टी स्पष्ट दिसली पाहिजे.

सोबत विजेरी, भिंग, मऊ लाकडाची एक गोल काठी आणि मोजपट्टी ठेवा. ठसे रंगाखाली किंवा मळाखाली बुजलेले असतील तर तारेचा ब्रश किंवा पॉलिश पेपर मारू नका. तेलात भिजवलेली सुती चिंधी आणि लाकडी काडी एवढ्याने भागतं. उजेड समोरून न टाकता बाजूने, जवळजवळ पृष्ठभागाला समांतर टाकला की पुसट ठसेही उठून दिसतात.

पहिली चाळण: तीन घराणी

दोन पावलं मागे उभं राहून तीन गोष्टी बघा: मागची साईट कुठे आहे, नळीचं तोंड लाकडाबाहेर किती आलंय आणि बोल्टचा दांडा कसा वळलाय.

मागची साईट नळीवर, बॉडीच्या पुढे बसवलेली असेल आणि नळीचं तोंड एका बोथट पोलादी टोपणात (नोजकॅप) जवळजवळ लपलेलं असेल, तर ती एसएमएलई, म्हणजे शॉर्ट मॅगझिन ली-एनफिल्ड. तिलाच पुढे नंबर १ म्हटलं गेलं. साईट नळीवर आहे पण नळी बरीच लांब आणि तोंड उघडं, तर ती तिच्या आधीची ‘लाँग ली’.

मागची साईट बॉडीच्या मागच्या टोकाला, डोळ्याजवळ, भोकाची असेल आणि नळीचं तोंड लाकडापुढे दोनेक इंच उघडं असेल, तर नंबर ४. तोंडाला शंकूसारखा फ्लॅश हायडर आणि पुढचं लाकूड आखूड असेल तर नंबर ५, किंवा तिची नक्कल. नकलांचा विषय पुढे येतो.

साईट मागेच, पण तिच्या दोन्ही बाजूंना जाड पोलादी ‘कान’ उभे, बोल्टचा दांडा कोपरासारखा वाकडा आणि खाली बाहेर आलेलं मॅगझिन नाही, तर ती पॅटर्न १४. नाव ब्रिटिश असलं तरी तिची यंत्रणा जर्मन माउझर रायफलीच्या धाटणीची आहे. लग, म्हणजे बंद बोल्ट बॉडीत अडकवून धरणारे उंचवटे, बोल्टच्या पुढच्या टोकाला असतात. ली रायफलींचे लग मागे असतात आणि हा फरक बोल्ट बाहेर काढला की लगेच दिसतो.

लांबीबद्दल शंका असेल तर नळी मोजा. बोल्ट बंद करून काठी तोंडातून सरळ आत घाला. ती बोल्टच्या तोंडाला टेकली की नळीच्या काठाशी खूण करून काठी मोजा. लाँग लीची नळी ३०.२ इंच, एसएमएलई आणि नंबर ४ ची २५.२ इंच, पॅटर्न १४ ची २६ इंच, घोडदळाच्या जुन्या कार्बाइनची २०.७५ इंच आणि नंबर ५ ची फ्लॅश हायडर सोडून पावणेएकोणीस इंचांच्या आसपास. या आकड्यांच्या मधलं काही निघालं तर नळी कापलेली आहे. शिकारीसाठी पुढचं लाकूड आणि नळी छाटलेल्या रायफली ढिगाने मिळतात. पण छाटलेल्या रायफलीचीही बॉडी तीच असते, त्यामुळे प्रकार ठरवता येतो.

लाँग ली: थोडक्यात

१८८८ ची पहिली ली-मेटफर्ड ८ काडतुसांची होती. १८९२ च्या मार्क २ पासून (‘मार्क’ म्हणजे आवृत्ती) मॅगझिन दुहेरी रांगेचं आणि १० काडतुसांचं झालं. मेटफर्ड आणि एनफिल्ड हा फरक बाहेरून दिसत नाही, नळीच्या आत दिसतो. मेटफर्डच्या नळीत ७ उथळ, गोलसर कडांचे चर असतात. एनफिल्डच्या नळीत ५ चौकोनी कडांचे चर डावीकडे वळत जातात. उथळ चर धूर न होणाऱ्या कॉर्डाइट दारूच्या उष्णतेने लवकर झिजत, म्हणून १८९५ साली एनफिल्डची नळी आली. मेटफर्ड म्हणून बनलेल्या बऱ्याच रायफलींना पुढे एनफिल्डची नळी बसवली गेली. सॉकेटवरच्या ठशात (दस्त्याची मान ज्या पोलादी कड्यात घुसते ते सॉकेट) एक आणि नळीत दुसरं दिसलं तर घाबरू नका, दोन्ही खरं असू शकतं.

लाँग लीच्या बोल्टवर धूळ अडवणारं पातळ पत्र्याचं झाकण स्क्रूने बसवलेलं असतं. ते गेलं असेल तर निदान स्क्रूंची भोकं दिसतात. ली-एनफिल्डची सेफ्टी कॉकिंग पीसवर, म्हणजे बोल्टच्या मागच्या बोंडावर असते. एसएमएलईमध्ये ती बॉडीच्या डाव्या बाजूला तरफेच्या रूपात गेली. १९०७ नंतर काही लाँग लींच्या बॉडीवर चार्जरमधून (काडतुसं धरून ठेवणाऱ्या पत्र्याच्या पट्टीतून) पाच-पाच काडतुसं भरण्यासाठी एक पूल जोडला गेला. नळी लांब आणि बॉडीवर पूल असेल तर ती ‘चार्जर लोडिंग ली-एनफिल्ड’.

एसएमएलई: इथेच सगळा गोंधळ

मार्क १ ला १९०२ च्या डिसेंबरात मंजुरी मिळाली. तिचा चार्जर अडकवायचा मार्ग दोन तुकड्यांत आहे. डावा बॉडीवर पक्का बसवलेला आणि उजवा चक्क बोल्टहेडवर (बोल्टच्या पुढच्या सुट्या टोकावर), बोल्टबरोबर मागे-पुढे सरकणारा. हा सरकता तुकडा दिसला की मार्क १ च्या काळातली रायफल हे नक्की. १९०७ च्या मार्क ३ मध्ये ती भानगड संपली आणि बॉडीवर एकसंध पूल आला. आपल्याला दिसणाऱ्या बहुतेक एसएमएलई या पुलाच्याच असतात. खरा प्रश्न मार्क ३ की मार्क ३ स्टार (ठशात आकड्यापुढे तारा) हा असतो.

पहिलं महायुद्ध सुरू झालं, खंदकात लाखो रायफली हव्या होत्या आणि कारखान्यांना वेळ पुरत नव्हता. त्यामुळे १९१६ साली ज्याशिवाय चालेल ते सगळं गाळून टाकलं. मार्क ३ स्टार म्हणजे ही काटकसर. तपासायच्या जागा:

– बॉडीच्या उजव्या बाजूला कट-ऑफसाठी आडवी फट आहे का? मार्क ३ ला असते, स्टारला नसते.
– पुढच्या लाकडाच्या डाव्या बाजूला गोल तबकडी आणि बॉडीच्या डाव्या मागच्या बाजूला उभी करता येणारी भोकाची दांडी आहे का? ही दूरच्या माऱ्याची व्हॉली साईट. स्टारवर नसते.
– मागच्या साईटला डावी-उजवीकडे सरकवायचा स्क्रू आहे का? स्टारवर नसतो.
– कॉकिंग पीस गोल बोंडाचा की चपटा, बाजूला खाचा पाडलेला? चपटा स्टारच्या काळातला.

आता गोची अशी की या चारही खुणा एकत्र मिळतीलच असं नाही. कारखान्यात जुन्या फटीच्या बॉडी शिल्लक होत्या, त्याही स्टार म्हणून वापरल्या गेल्या. युद्धानंतर कितीतरी मार्क ३ ना दुरुस्तीत स्टारचे भाग लागले. कॉकिंग पीस तर मिनिटभरात बदलता येतो, त्यामुळे त्याला पुराव्यात सगळ्यात कमी किंमत द्या. साईट त्याच्या वर. बॉडीवरच्या फटीला सगळ्यात जास्त, कारण ती नंतर पाडायची तर यंत्रावरचं काम लागतं. फट आहे, कट-ऑफ नाही आणि सॉकेटवर स्टार आहे, तर रायफल स्टारच. तारा छेदून आडवी रेघ मारलेली दिसली, तर शस्त्रागाराने ती पुन्हा मार्क ३ च्या दर्जाला आणली असं समजा.

ठसा वाचायची जागा म्हणजे सॉकेट. एसएमएलईवर उजव्या बाजूला वरून खाली असा क्रम असतो: मुकुट, राजाची अक्षरं, कारखाना, साल, प्रकार. व्ही.आर. म्हणजे राणी व्हिक्टोरिया, १९०१ पर्यंत. ई.आर. म्हणजे सातवा एडवर्ड, १९१० पर्यंत. त्यापुढे जी.आर. कारखान्यांत एनफिल्ड, बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स म्हणजे बी.एस.ए., लंडनची एल.एस.ए. ही नेहमीची नावं. दुसऱ्या महायुद्धात बी.एस.ए.ने बॉम्बहल्ल्याच्या भीतीने नाव पूर्ण न छापता फक्त ‘बी’ आणि साल मारलेल्या रायफलीही सोडल्या. अशा रायफलीला ‘बेनामी’ म्हणून कमी लेखू नका, ती अस्सल असते.

प्रकाराच्या ठशात ‘नंबर १’ शोधत बसलात तर पहिल्या महायुद्धातल्या रायफलीवर तो सापडणार नाही. नंबर देण्याची पद्धत १९२६ साली आली. त्याआधीचा ठसा ‘एस.एच.टी. एल.ई. ३’ (रोमन आकड्यात) असाच असतो. त्या वर्षी एसएमएलई नंबर १ झाली, .२२ ची सरावाची रायफल नंबर २ आणि पॅटर्न १४ नंबर ३.

ईशापूर: आपल्याकडे सर्वांत जास्त दिसणारी

कोलकात्याजवळच्या ईशापूर रायफल फॅक्टरीच्या जुन्या रायफलींवर मुकुटाखाली जी.आर.आय. असतं. शेवटचा आय ‘सम्राट’ या लॅटिन शब्दाचा. स्वातंत्र्यानंतर मुकुट जाऊन अशोकस्तंभाचे सिंह आणि आर.एफ.आय. ही अक्षरं आली. रायफल भारताच्या मालकीची असल्याची जुनी खूण म्हणजे बाणाच्या ठशाबरोबर आय. (बाण एकटा असेल तर ब्रिटिश सरकार. सी मध्ये बाण म्हणजे कॅनडा, यू बरोबर दक्षिण आफ्रिका, दोन डींच्या मध्ये ऑस्ट्रेलिया. दोन बाण टोकाला टोक लावून असतील तर रायफल सरकारी सेवेतून विकली गेली.)

पुढच्या लाकडातून, मॅगझिनच्या थोडं पुढे आडवा आरपार गेलेला स्क्रू दिसला तर त्याला ‘ईशापूर स्क्रू’ म्हणतात. लाकूड फाटू नये म्हणून दुरुस्तीत तो बसवत. पण त्यावरून रायफल ईशापूरला बनली असं म्हणता येत नाही. इंग्लंडमध्ये बनलेली आणि भारतात दुरुस्त झालेली रायफलही तो स्क्रू मिरवते.

दोन प्रकारांकडे खास लक्ष द्या. पहिला .४१० ची मस्केट. एसएमएलईचीच बॉडी, पण नळी आतून गुळगुळीत, चर नसलेली. मॅगझिनच्या जागी लाकडाचा ठोकळा आणि एका वेळी एकच काडतूस. पोलीस आणि पहारेकऱ्यांसाठी ती बनवली होती. बाहेरून ती अगदी थ्री-नॉट-थ्री दिसते. नळीत विजेरी टाकून पाहिल्याशिवाय निर्णय देऊ नका.

दुसरा २ए आणि २ए१. १९६२ च्या चीन युद्धानंतर ७.६२ मिमी नाटो काडतुसासाठी या रायफली बनल्या. नोजकॅप, साईट, लाकूड सगळं एसएमएलईसारखंच, पण मॅगझिन चौकोनी, पुढची कड सरळ. एसएमएलईचं मॅगझिन पुढे तिरकं उतरतं, कारण .३०३ च्या काडतुसाला बुडाशी कडा असतो आणि काडतुसं एकावर एक तिरकी बसतात. मागची साईट २००० पर्यंत खुणांची असेल तर २ए, ८०० पर्यंत असेल तर २ए१. ‘ही जुनी .३०३ ला नवी नळी लावून केलेली आहे’ असं बरेचजण ठामपणे सांगतात. ते चूक आहे. २ए जास्त मजबूत पोलादात मुळापासून नवी बनली. उलट जुन्या एसएमएलईच्या बॉडीवर कुणी घरगुती उद्योग करून ७.६२ ची नळी लावली असेल तर ती रायफल धोकादायक. सॉकेटवर आर.एफ.आय. आणि २ए किंवा २ए१ नसेल आणि मॅगझिन मात्र चौकोनी असेल, तर इथेच थांबा.

नंबर ४: छोट्या फरकांचा खेळ

नंबर ४ आणि एसएमएलई बॉडीवरून वेगळ्या करायच्या तर डावी बाजू बघा. एसएमएलईची डावी भिंत गोलसर, खाली उतरलेली असते. नंबर ४ ची सपाट, उंच, चौकोनी. बोल्टहेडही निराळा. एसएमएलईचा बोल्टहेड उजव्या रेलवर बाहेरून कवळ घालतो, नंबर ४ चा रेलमधल्या खाचेत आतून सरकतो. दोन्हींचे बोल्ट एकमेकींत चालत नाहीत.

प्रकाराचे ठसे बॉडीच्या डाव्या भिंतीवर आणि सॉकेटच्या डाव्या बाजूला मिळतात. सरकारी कारखान्यांपैकी (आर.ओ.एफ. म्हणजे रॉयल ऑर्डनन्स फॅक्टरी) फाझाकर्लीची खूण आर.ओ.एफ.(एफ), माल्टबीची आर.ओ.एफ.(एम), बी.एस.ए.च्या शर्ली कारखान्याची खूण एम४७ किंवा एम४७सी. टोरंटोजवळचा कॅनडाचा कारखाना ‘लाँग ब्रँच’ असं पूर्ण नाव कोरतो. अमेरिकेतल्या सॅव्हेजच्या रायफलींवर ‘यू.एस. प्रॉपर्टी’ असतं, कारण त्या उधार-मदतीत दिल्या होत्या आणि कागदोपत्री अमेरिकेच्याच होत्या. एम४७ मधला एम वाचून माल्टबी म्हणण्याची चूक फार जणांकडून होते.

मार्क १ आणि मार्क १ स्टार यांत फरक एकच: बोल्ट बाहेर कसा काढायचा. मार्क १ मध्ये बोल्टहेडमागे एक दाबायचा खटका असतो. साईट उभी करा, बोल्ट मागे आणा, खटका खाली दाबा, बोल्टहेड वर फिरवा. स्टारमध्ये खटका काढून टाकला आणि त्याऐवजी उजव्या रेलच्या पुढच्या भागात एक खाच कापली. बोल्टहेड त्या खाचेसमोर आणला की वर फिरतो. काम वाचलं, पण खाचेच्या कडेची रेल झिजते किंवा तिचा टवका उडतो आणि मग झटक्याने बोल्ट मागे घेताना बोल्टहेड आपोआप वर उसळतो. स्टार हाती आली की ती कड भिंगाखाली बघाच. लाँग ब्रँच आणि सॅव्हेज यांनी सुरुवातीच्या काही सोडून स्टारच बनवल्या. ब्रिटिश कारखान्याच्या ठशाबरोबर रेलवर खाच दिसली तर काहीतरी जुळत नाहीये.

मार्क २ हा १९४९ चा. तोवर चाप कमानीला (ट्रिगर गार्डला) अडकवलेला असे आणि कमान लाकडावर बसे. ओलाव्याने लाकूड फुगलं किंवा सुकून आक्रसलं की चापाची पकड बदलायची. मार्क २ मध्ये चाप थेट बॉडीलाच टांगला. खात्री करायची तर कमानीचे दोन स्क्रू काढा. चाप कमानीबरोबर हातात आला तर मार्क १, बॉडीलाच लटकत राहिला तर मार्क २ ची रचना. जुन्या रायफली सुधारून या रचनेत आणल्या तेव्हा त्यांना मार्क १/२ (मूळ मार्क १) आणि मार्क १/३ (मूळ स्टार) अशी नावं मिळाली. जुना ठसा खोडून नवा बहुतेक विजेच्या पेन्सिलने बारीक कोरलेला असतो. शेजारी एफ.टी.आर. आणि साल असेल तर कारखान्यात पूर्ण दुरुस्ती झाली असा अर्थ. फाझाकर्लीच्या मार्क २ चे क्रमांक पी.एफ. ने सुरू होतात.

मागच्या साईटवरून प्रकार ठरवू नका. यंत्रावर घडवलेली, स्क्रूने वर-खाली होणारी, १३०० यार्डांपर्यंतची साईट असो, की ३०० आणि ६०० यार्डांची दोन भोकं असलेली साधी उलटती साईट असो, युद्धात जी हाती आली ती लावली आणि नंतर बदलली. नळीत दोनच चर दिसले तरी दचकू नका. युद्धकाळात वेळ वाचवायला दोन चरांच्या नळ्या बनल्या आणि त्या अस्सल आहेत.

बोल्टहेडवर ०, १, २ किंवा ३ असा आकडा असतो. तो प्रकार सांगत नाही. बोल्ट आणि चेंबर यांतली जागा बरोबर राहावी म्हणून वेगवेगळ्या लांबीचे बोल्टहेड असतात, त्याचा हा आकडा. बोल्टच्या दांड्याच्या मागचा क्रमांक सॉकेटवरच्या क्रमांकाशी जुळत नसेल तर बोल्ट दुसऱ्या रायफलीचा आहे. तो संग्रहात ठेवायला हरकत नाही, पण झाडण्याआधी गेजने मोजून घेतल्याशिवाय नाही.

जिथे नकला होतात: नंबर ५ आणि (टी)

नंबर ५ ला लोक ‘जंगल कार्बाइन’ म्हणतात. १९४४ पासून काही वर्षंच, फाझाकर्ली आणि शर्ली इथे ती बनली. तिला मागणी फार, म्हणून नंबर ४ ची नळी कापून आणि फ्लॅश हायडर अडकवून बनवलेल्या नकला जगभर आहेत. फ्लॅश हायडर आणि दस्त्यामागचं रबर यांवर विश्वास ठेवू नका. ते सुटे मिळतात. खऱ्या नंबर ५ चं वजन कमी करताना बॉडी आणि नळी यांतूनच पोलाद खरवडून काढलेलं असतं. वरचं लाकूड उचला आणि नळीच्या जाड मुळाशी (बॉडीच्या लगेच पुढे) बघा. तिथे लांबट खोलगट चर पाडलेले असतील तरच खरी. बॉडीच्या डाव्या भिंतीतही कापलेले भाग दिसतात. बोल्टच्या बोंडाला आतून पोकळ भोक असतं. मागची साईट ८०० यार्डांपर्यंतच. नकली रायफलीत नळीच्या मुळाशी भरगच्च पोलाद असतं, कारण तिथे खरवडायची मेहनत कुणी घेत नाही. एसएमएलईची बॉडी आणि फ्लॅश हायडर अशी जोडी दिसली तर ती व्यापारी खोगीरभरती.

(टी) म्हणजे दुर्बीण लावलेली स्नायपर. युद्धात अचूक मारणाऱ्या निवडक रायफली हॉलंड अँड हॉलंडकडे जात आणि तिथे त्यांना नंबर ३२ दुर्बीण बसे. सॉकेटच्या डाव्या बाजूला टी, दस्त्याच्या खालच्या अंगाला एस५१ (हा हॉलंड अँड हॉलंडचा संकेत), गालाखाली लाकडाचा उंचवटा, बॉडीच्या डाव्या भिंतीवर दोन पॅड. दुर्बिणीचा क्रमांक दस्त्याच्या मानेवर आणि रायफलीचा क्रमांक ब्रॅकेटवर असला पाहिजे. हे दोन्ही जुळले तर जोडी मूळची. टीचा ठसा कुणीही मारू शकतो, म्हणून पॅडच्या कडा, स्क्रूंची जुनी बैठक आणि पॅडभोवतीचा रंग बॉडीच्या बाकी रंगाशी एकरूप आहे का ते बघा. नव्याने बसवलेल्या पॅडभोवती रंगाची एक निराळी चौकट राहते. १९७० ची एल४२ए१ ही याच (टी) रायफलींपासून ७.६२ ची जाड नळी लावून आणि पुढचं लाकूड अर्धं करून केलेली. तिचं मॅगझिनही वेगळं असतं.

तिसरी नक्कल खैबर खिंडीकडची, हाताने घडवलेली. कारागिरी कधीकधी थक्क करते, पण ठसे फसवत नाहीत. एनफिल्डमधला एन उलटा, अक्षरं ओळीबाहेर, किंवा एसएमएलईवर चक्क व्ही.आर. राणी १९०१ च्या जानेवारीत वारली आणि पहिली एसएमएलई १९०२ च्या शेवटी मंजूर झाली, तेव्हा असा ठसा अस्सल असूच शकत नाही. या रायफलींचं पोलाद कोणत्या प्रतीचं याचा भरवसा नाही. त्या झाडायच्या नाहीत.

पॅटर्न १४ की अमेरिकन १९१७?

दोन्ही विंचेस्टर, रेमिंग्टन आणि एडीस्टोन इथेच बनल्या आणि पाच फुटांवरून जुळ्या दिसतात. पॅटर्न १४ .३०३ ची, १९१७ .३०-०६ ची. १९१७ च्या बॉडीवर पुढे ‘यू.एस. मॉडेल ऑफ १९१७’ आणि कारखान्याचं पूर्ण नाव असतं. पॅटर्न १४ वर फक्त संकेत: डब्ल्यू म्हणजे विंचेस्टर, आर.ई. रेमिंग्टन, ई.आर.ए. एडीस्टोन. पुढे तारा असेल तर मार्क १ स्टार, ज्यात बोल्टचा डावा लग लांब केलेला आहे. व्हॉली साईट किंवा तिच्या खुणा फक्त पॅटर्न १४ वर. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या होमगार्डला दिलेल्या १९१७ च्या लाकडावर लाल पट्टा रंगवलेला असे, कारण चुकून .३०३ ची काडतुसं भरली जाऊ नयेत. पट्टा आज पुसट झाला असेल, पण लाकडाच्या छिद्रांत लाल कण उरतात.

लाकडावर डी.पी. आणि पांढरे पट्टे असतील तर ती फक्त कवायतीची रायफल. काही डी.पी. रायफलींची नळी किंवा बोल्ट मुद्दाम निकामी केलेला असतो, काहींचा नसतो. गोळी झाडण्यासाठी मात्र दोन्ही नाहीत.

सोडवताना एक सावधगिरी

आतले ठसे वाचायला लाकूड काढायचं असेल, तर नंबर १ मध्ये आधी पुढचं लाकूड काढा आणि मगच दस्ता. दस्ता धरणाऱ्या लांब बोल्टचं पुढचं टोक चौकोनी असतं आणि ते पुढच्या लाकडातल्या पोलादी पट्टीत अडकलेलं असतं. पुढचं लाकूड जागेवर असताना तो बोल्ट फिरवलात तर ती पट्टी लाकूड आतून फोडते, आणि शंभर वर्षांचं अक्रोडाचं लाकूड फाटलं की ते पुन्हा मूळचं होत नाही. लाकूड उतरलं की त्याच्या पुढच्या टोकाच्या खालच्या बाजूला क्रमांक शोधा. बॉडीवरचा, बोल्टवरचा आणि हा, असे तिन्ही जुळले तर रायफल बहुतांशी मूळ अवस्थेत आहे. जुना क्रमांक रेघ मारून खोडलेला आणि शेजारी नवा त्याच ढंगात मारलेला असेल तर ते शस्त्रागाराचं प्रामाणिक काम. घासून सपाट केलेल्या जागेवर वेगळ्या वळणाचे आकडे असतील तर मात्र त्या रायफलीचे बाकीचे ठसेही पुन्हा एकदा, बाजूच्या उजेडात, बघून घ्या.